बोकडाचा हिशेब

वसुबारसेला आपण गाईची वासरासह पूजा करतो, आणि त्या दिवशी पुष्कळ घरांतल्या बायका दूधतूप वर्ज्य करतात. या व्रताचा शास्त्रार्थ काय असेल तो असो; मला त्यात एक साधी कबुली दिसते. दूध मुळात वासराचे आहे, आपण त्यातले घेतो, तर वर्षातून निदान एक दिवस तरी ते घेऊ नये. शेळीच्या वाट्याला मात्र असा दिवस आलेला नाही. 'गरिबाची गाय' असे तिचे कौतुक आपण करतो, पण ओवाळायला गाईकडेच जातो. शेळीविषयी आपल्या तोंडी बसलेली म्हण कोणती? तर 'शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड'. या म्हणीतला खाणारा नेहमी दुसराच कोणी असतो अशी आपली समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे मला या दिवाळीत जरा तपासून पाहायचे आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. नीतिशास्त्राचे मोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. खेड्यातल्या शाळेत मुलांना मराठी शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो, आणि घरामागच्या दीड एकरात चार शेळ्या पाळतो. शेळ्या उस्मानाबादी जातीच्या आहेत, बहुतेक काळ्या कुळकुळीत. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. शेळीला कोणी विचारले नाही, ती अजून उस्मानाबादीच आहे. अंगाने बेताची, तीस-पस्तीस किलोची. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, शेवरी, जे मिळेल ते खाते आणि दुष्काळातही तग धरते. दूध म्हणाल तर दिवसाला अर्ध्या लिटरपासून फार तर दीड लिटर. हिची किंवा संगमनेरी शेळीची खरी ख्याती अशी की ती दोन्ही कामांची आहे, दुधाचीही आणि मांसाचीही. पुस्तकात याला 'दुहेरी उपयोगाची जात' म्हणतात. किती निरुपद्रवी शब्द आहेत पाहा! सगळी अडचण त्या 'दुहेरी'त आहे.

शेळी व्याल्याशिवाय दूध देत नाही. पाच महिने गाभण राहते, बहुधा जुळी देते, आणि नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेते होतात. चार शेळ्यांची दोन वर्षांत बारा वेते झाली आणि त्यातली काही जुळ्यांची धरली, तर वीसएक करडे सहज होतात. निसर्ग काही आपल्या सोयीने वागत नाही. त्यांतली निम्मी बोकडे असतात. आता पंचवीस-तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. म्हणजे माझ्या चार शेळ्यांना स्वतःचा बोकडही लागत नाही, गावातल्या एकावर भागते. मग उरलेल्या दहांचे काय करायचे? ठेवायचे म्हटले तर बोकड दहाबारा वर्षे जगतो. माजावर आला की त्याचा उग्र दर्प घराला सोसत नाही. दोन बोकड एकत्र आले की शिंगे फुटेपर्यंत टकरा घेतात. आणि दीड एकर रान तिसऱ्या वर्षी भुईसपाट होते. तेव्हा ते विकले जातात. घेणारा त्यांचे काय करतो हे घेणाराही सांगत नाही आणि विकणाराही विचारत नाही.

म्हणूनच दुधाचा पेला शुद्ध आणि रस्स्याचा वाडगा अशुद्ध, ही वाटणी मला पटत नाही. ज्या वेतातून दूध आले त्याच वेतातून बोकड आला. माझी आई माळकरी आहे. उभ्या जन्मात तिने मांस चाखले नाही. पण सकाळचा चहा तिला शेळीच्याच दुधाचा लागतो. मी हा हिशेब तिच्यापुढे कधी मांडला नाही, आणि मांडायची गरजही नव्हती. शेळ्यांत जन्म गेलेल्या बाईला तो माझ्याआधीच ठाऊक होता. दारातून बोकड गेला की त्या दिवशी ती कोरा चहा पिते. विचारले तर म्हणते, "आज नको वाटतंय."

गांधीजींची गोष्ट या ठिकाणी आठवते. त्यांनी दक्षिण आफ्रिकेत १९१२ साली दूध सोडले होते. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यातल्या दगदगीनंतर ते मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे. आणि शपथ तर घेतलेली. तेव्हा कस्तुरबांनी तोड सुचवली की, शपथ घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला हरकत काय? गांधीजींनी ते मानले. पण आत्मकथेत त्यांनी लपवाछपवी केलेली नाही. शपथेचे अक्षर राखले, आत्मा गेला, अशा अर्थाची टोचणी त्यांनी स्पष्ट लिहून ठेवली आहे. मला या कथेत कस्तुरबांची बाजू जास्त जवळची वाटते. त्यांच्यापुढे तत्त्व नव्हते, एक खंगलेला माणूस होता. आणि शेळीपालनाच्या बाबतीत बहुतेक घरांत हेच घडते. तत्त्व पुरुषांनी बोलायचे, आणि मीठमिरची कशी आणायची ते बायकांनी पाहायचे.

एक मात्र न्याय्य बुद्धीने सांगितले पाहिजे. केवळ दुधासाठी पाळलेल्या शेळीपेक्षा ही दुहेरी शेळी बोकडाच्या दृष्टीने बरी. परदेशात सानेनसारख्या दुधाळ स्विस जातीचे मोठाले कळप असतात. तिथे नर करडाला मांस धरत नाही, त्याला पोसणे परवडत नाही, म्हणून त्या धंद्यात पुष्कळदा ते जन्मताच मारले जाते. आमच्याकडे बोकडाला किंमत आहे, म्हणून त्याला आठदहा महिने आयुष्य आहे. पहिला चीक त्याला पोटभर मिळतो. शेळीला दोन सड. आमच्या घरात एक सड करडांचा, एक आमचा, हा माझ्या आजीपासूनचा नियम आहे. बांधावर उड्या मारायला मिळतात, आईच्या अंगाला टेकून निजायला मिळते. खाटकाच्या सुरीने या प्राण्याला थोडेसे बालपण मिळवून दिले, असे म्हणायची पाळी येते. हे वाक्य लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते खोटे नाही.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला मी 'माझा आवडता प्राणी' हा निबंध दिला. तो प्रत्येक मास्तर देतो, आणि त्याला चाळीस मुले चाळीस कुत्री आणून देतात. एका मुलीने तिच्या बोकडावर लिहिले. तो कसा टोपी चावतो, कसा पाठीमागून ढुशी देतो, हे सगळे झाल्यावर शेवटची ओळ होती : 'तो मंगळवारी गेला.' थोरल्या बहिणीला नर्सिंगच्या शिक्षणाला घालायचे होते, त्यासाठी विकला होता. मधल्या सुटीत ती माझ्याकडे आली आणि तिने विचारले, "गुरुजी, शेळी दूध देते म्हणून ती राहिली. बोकडानं काय करायला पाहिजे होतं?"

याला उत्तर नाही. त्याने काहीच करायला नको होते आणि काही करून उपयोगही नव्हता. त्याचा दोष एवढाच की तो नर झाला. उपयोगाच्या मापाने जीव मोजायला लागले की असे होते. आणि हे माप आपण गोठ्यापुरते ठेवतो असेही नाही. घरातली म्हातारी माणसे कधी कधी त्याच नजरेकडे पाहत बसलेली मी पाहिली आहेत. पण त्या मुलीला मी असले काही सांगितले नाही. तिची बहीण शिकायला गेली आहे, तिला घरी आली की तुझा निबंध वाचून दाखव, एवढेच म्हटले. निबंधाला दहापैकी नऊ गुण दिले. एक शुद्धलेखनात गेला.

मग विकणाऱ्याच्या हातात काय उरते? माझ्या मते कसे विकायचे, एवढे उरते; आणि ते थोडे नाही. बाजारात मी पुष्कळ पाहिले आहे. सौद्याच्या आदल्या रात्री बोकडाला मीठ चारतात आणि सकाळी तहानेने कासावीस झाला की पोट फुगेपर्यंत पाणी पाजतात. काट्यावर वजन वाढते. दुभती म्हणून विकायची शेळी दोन वेळा पिळत नाहीत. कास तटतटून भरते आणि घेणारा भुलतो. यात माणूस माणसाला फसवतो हे तर आहेच, पण खोटे बोलतो माणूस आणि ठणकते शेळीला. ज्या जिवाचे सगळेच आपण घेणार आहोत, त्याच्या अंगाचा खोट्यासाठीसुद्धा उपयोग करायचा, हे मला खाटकाच्या कामापेक्षा हलके वाटते. खाटीक निदान आपला धंदा उघड सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन गिऱ्हाइके एकाच दिवशी आली. एक टेम्पोवाला, टेम्पोत पेंढा अंथरलेला. दुसरा मोटरसायकलवाला. हा चारही पाय बांधून बोकड मागे आडवा टाकतो, मान खाली लोंबत असते. तो म्हणाला, "मास्तर, चारशे रुपये जास्त देतो. सांगा, काय करता?" आमच्या घरातून आतूनच आवाज आला, "अहो, चारशेत निम्मी पेंड येते." तरी मी बोकड टेम्पोवाल्याला दिला. दुपारी शेजारच्या विधवा बाईंनी त्यांचा बोकड त्याच मोटरसायकलवाल्याला विकला. त्यांच्या दोनच शेळ्या. जमीन नाही, पुरुषमाणूस नाही. औषध असो, मुलाची फी असो, अडल्या वेळी एक करडू बाजारात जाते. बँक म्हणाल तर तीच. मी त्यांना म्हटले, बाई, अहो जनावराला किती यातना होतील. त्या दावे सोडून घेत होत्या. जनावर गेले तरी दावे त्या देत नाहीत. माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या बोकडाला तुमचा पगार हाय. माझ्याला मीच हाय."

तेव्हापासून दयेविषयी कोणी मोठ्याने बोलू लागले की मी आधी त्याचे उत्पन्न विचारतो. माझी चारशे रुपयांची दया खोटी होती असे मी म्हणणार नाही. बोकडाची मान त्या दिवशी लोंबली नाही हे खरेच आहे. पण ती दया मला परवडत होती. बाईंना ती परवडायची असेल तर कोणीतरी त्यांच्या बोकडाला चारशे रुपये जास्त मोजले पाहिजेत, आणि ते खाणाऱ्याने आणि दूध पिणाऱ्याने मिळून मोजले पाहिजेत. सध्या त्या दोघांपैकी कोणीही बाजारात दिसत नाही. मध्ये दलाल असतो.

आमची थोरली शेळी नवरात्रात व्याली. दोन्ही बोकडच झाले. टेम्पोवाला परवा जाताजाता डोकावून गेला, "मास्तर, बाळसं चांगलं आहे," म्हणाला. बोकडांना नाव ठेवायचे नाही, असा आमच्या घरातला दंडक आहे. पाटींना ठेवतात, बोकडांना नाही. धाकट्या मुलीने तरी एकाचे नाव मोत्या ठेवले. आईने तिला दोनदा दटावले. पण आता इलाज नाही, हाक मारली की तो येतो.