बावखलातली जलपर्णी



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १३:२४-४३) शेताचा धनी चाकरांना सांगतो की निदण आताच उपटू नका, कापणीपर्यंत राहू द्या. आपण वाडीवाली माणसे, आपल्याला हे पटायला जड जाते. बावखलात जलपर्णीचे एक रोप दिसले आणि आपण कापणीची वाट पाहत बसलो, तर काय होईल? अनुकूल हवेत ती साधारण पंधरा दिवसांत दुप्पट होते. पाहता पाहता सारे पाणी झाकले जाते. खाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, डास मात्र वाढतात. मग प्रभू येशू थांबायला का सांगतो?

आधी ह्या वनस्पतीची गोष्ट ऐकूया. ती मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली. कोणी शत्रू तिला रात्री पेरून गेला नव्हता. जांभळ्या फुलांवर भाळून माणसांनीच ती तळ्यांत लावली. पुढे नदीनाले तुंबले, होड्या अडल्या, भातशेतीचे नुकसान झाले, तेव्हा लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले. दोष परक्याच्या माथी! शेवटी १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी बंगालमध्ये कायदा करावा लागला. पापही असेच सुंदर फूल घेऊन घरात येते. आपणच त्याला जागा देतो आणि नंतर बोट शेजाऱ्याकडे दाखवतो.

पण बाहेरून आले ते सगळेच वाईट का? आपल्या जेवणातली मिरची, अंगणातला पेरू, काजू, अननस हे सारे अमेरिका खंडातूनच आले. ते इथल्या मातीत रुजले आणि त्यांनी आपले पोट भरले. जलपर्णीचा दोष ती परकी आहे हा नाही. ती दुसऱ्याला ऊन आणि हवा मिळू देत नाही, हा आहे. म्हणून गावात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाकडे ‘हे बाहेरचे’ म्हणून पाहण्याआधी थोडे थांबूया.

प्रभूचा दाखला माणसांविषयी आहे. ओंबी येईपर्यंत गहू आणि निदण सारखेच दिसतात, शिवाय त्यांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. जलपर्णीचा कधी गहू होत नाही. पण जकातदार मत्तयाचा प्रेषित झाला! दारूच्या आहारी गेलेला मुलगा असो, वर्षानुवर्षे अबोला धरलेला भाऊ असो, त्याला उपटून टाकायचा अधिकार देवाने आपल्याला दिलेला नाही.

हा धीर शेजाऱ्यासाठी आहे, स्वतःच्या पापासाठी नाही. आपल्या मनातले रोप आजच काढायला हवे. आणि वरवर काढून भागत नाही. जलपर्णीचे बी तळाच्या चिखलात पंधरा वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहते. १९८० च्या दशकात बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी तिच्याच मायदेशातले सोंडकिडे, ते इथली पिके खात नाहीत ह्याची खात्री करून, तळ्यांत सोडले. काही तळ्यांतली जलपर्णी त्यांनी पुष्कळ कमी केली. परंतु जिथे सांडपाणी येतच राहते, तिथे तिला खतपाणी मिळत राहते. पापनिवेदन करताना आपण पाप सांगतो, पण त्याला पोसणारे गटार बंद करतो का? ती संगत, तो हेवा, ते व्यसन?

ह्या आठवड्यात आपल्या मोरीचे पाणी कुठे जाते ते पाहा. बावखलातली जलपर्णी फुलण्याआधी काढा आणि काठावर न टाकता पाण्यापासून दूर नेऊन तिचे खत करा. तुटलेल्या तुकड्यातूनही ती पुन्हा वाढते. आणि ज्या माणसाला आपण मनातून उपटून टाकले आहे, त्याच्यासाठी रोज एक ‘हे आमच्या बापा’ म्हणा.

कापणीचा धनी आपल्या सर्वांना धीर देवो. आमेन.