चौदाव्या अध्यायातला दुसरा माणूस



दत्तजयंतीच्या सप्ताहात आपण श्रीगुरुचरित्राचे पारायण करतो. त्यातला चौदावा अध्याय तर पुष्कळांच्या नित्यपाठात असतो. सायंदेवाला क्रूर अधिपतीने बोलावले आहे, जिवंत परतण्याची आशा नाही. श्रीगुरू अभय देऊन पाठवतात आणि तो सुखरूप, वर मानाची वस्त्रे घेऊन परततो. वाचताना आपण स्वतःला न चुकता सायंदेवाच्या जागी बसवतो. मीही अनेक वर्षे तेच केले.

बँकेत मी पेन्शनच्या काउंटरवर होतो. स्वभाव शांत, आवाज कधी चढला नाही. शेजारचा सहकारी म्हणजे अगदी जमदग्नी! एका नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी एक आजी आल्या. सही जुळेना. मी गोड आवाजात म्हटले, "आजी, उद्या या." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही मी त्यांना परत पाठवत होतो, तेवढ्यात शेजारचा जमदग्नी कडाडला, "अहो, त्यांचा हात कापतोय, दिसत नाही का तुम्हाला?" त्याने आजींना खुर्ची दिली, साहेबांसमोर अंगठा घेतला. पाच मिनिटांत काम झाले. जाताना आजी मलाच म्हणाल्या, "साहेब, माझ्यापायी तीन दिवस तुम्हाला त्रास झाला हो."

त्या रात्री जेवण गेले नाही. तापट तो क्रूर आणि शांत तो दयाळू, हा माझा हिशेब साफ चुकला होता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत तामस कर्माचे लक्षण सांगतात. त्यात रागाचे नावही नाही. परिणाम, हानी आणि दुसऱ्याला होणारी पीडा न पाहता मोहाने आरंभलेले कर्म ते तामस. आणि चौदाव्या अध्यायात ते सांगतात की सत्त्वगुणसुद्धा बांधतो, सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने. मला नियमांचे ज्ञान होते आणि आपण सज्जन आहोत याचे सुख होते. त्यात आजींचा कापणारा हात दिसलाच नाही.

आता गुरुचरित्रातला तो अधिपती पाहा. तो कशाने बदलला? झोपेत त्याला दिसते की एक ब्राह्मण आपल्यालाच शस्त्राने मारतो आहे. दुसऱ्याला दिलेली वेदना स्वतःच्या अंगाला कळली, तेव्हा तो उठून सायंदेवाच्या पाया पडला. गुरुकृपा सायंदेवावर झाली तशी त्याच्यावरही झाली, असे मला वाटते.

आपण निवृत्त माणसे. आपल्या हाती कसली सत्ता, असे वाटते. पण कामवाल्या बाईचा खाडा, सुनेला झालेला उशीर, कानांनी कमी ऐकणाऱ्या जोडीदाराचा तोच तो प्रश्न, या वेळी काउंटरच्या आतल्या बाजूला आपणच असतो. तेव्हा यंदा चौदावा अध्याय वाचाल, तर एकदा त्या अधिपतीच्या जागी बसून वाचा. मी आता तसाच वाचतो. महाराजांकडे मागणे एवढेच, की समोरच्याचा कापणारा हात पहिल्याच दिवशी दिसू दे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!