कारंज्याकाठचे पाहुणे

‘उपद्रव’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. माकडांचा उपद्रव, उंदरांचा उपद्रव, कबुतरांचा उपद्रव. मराठीच्या तासाला मी मुलांना नेहमी सांगतो, की काही शब्द वस्तूचे वर्णन करतात आणि काही शब्द त्या वस्तूशी असलेल्या आपल्या नात्याचे. ‘काळा’, ‘उंच’, ‘चार पायांचा’ हे पहिल्या जातीचे. ‘पाहुणा’, ‘परका’, ‘शेजारी’ हे दुसऱ्या जातीचे. ‘उपद्रवी’ हा शब्द वास्तविक दुसऱ्या जातीचा. पण तो पहिल्या जातीतला असल्याच्या थाटात वावरतो. पिसे आणि चोच यांच्याप्रमाणे उपद्रव हाही जणू त्या प्राण्याचा एक अवयवच!

या शब्दाचा नव्याने विचार करण्याची वेळ आणली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका शहरात तो मनोरंजन उद्यानाच्या देखभाल विभागात नोकरीला आहे. आकाशपाळणे, घसरगुंड्या, खाण्याची दुकाने आणि मधोमध मोठे कारंजे असे ते उद्यान. कारंज्याभोवती जमणाऱ्या हंसांना तिथून हटवायचे, हे काम त्याच्याकडे आले. फोनवर सगळी हकिकत सांगून झाल्यावर तो म्हणाला, “सर, काम मी करतोच आहे. पण ते बरोबर आहे का, हे कोणाला विचारावे कळेना, म्हणून तुम्हाला विचारतो.” पगार घेऊन करायच्या कामाबद्दलही असा प्रश्न ज्याला पडतो, असा मुलगा आपल्या शाळेतून बाहेर पडला याचा मला आनंद झाला. उत्तर मात्र फोनवर देण्याइतके सोपे नव्हते.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. त्याला ‘कॅनडा गूज’ म्हणतात. डोके आणि मान काळी, गालाहनुवटीवर पांढरा पट्टा, अंग तपकिरी. बदक म्हणावे तर हा बराच थोराड, आणि हंस म्हणावे तर कवींच्या हंसासारखा शुभ्र नाही. आमच्या भागातल्या दुभाषी वाचकांना कन्नडमधला ‘हेब्बातू’ हा शब्द ठाऊक असेल. ‘बातू’ म्हणजे बदक आणि ‘हेब्बातू’ म्हणजे थोरले बदक. मराठीत असा रोजच्या वापरातला नेमका शब्द नाही, म्हणून मी त्याला हंसच म्हणतो.

उद्यानवाल्यांची तक्रार खोटी नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. हा पक्षी दिवसभर गवत खातो आणि दिवसभर विष्ठा टाकतो. फरशीवरून माणसे घसरतात, कारंज्याचे पाणी घाण होते, मुले त्याच पाण्यात हात घालतात. वसंतात मादी अंड्यांवर बसली की नर जवळ येणाऱ्या माणसाच्या अंगावर धावून जातो. लेकराला घेऊन चाललेल्या आईला अशा वेळी भूतदयेचे व्याख्यान देणारा माणूस दयाळू नव्हे, बेजबाबदार म्हणावा लागेल. तेव्हा हंसांना हटवू नये, असे माझे म्हणणे नाही. प्रश्न हटवण्याचा नाही. हटवणाऱ्याने आधी काय पाहावे, हा आहे.

हा हंस तिथे आला कसा, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तिकडचे शिकारी पूर्वी जिवंत हंस पाळून तळ्यावर सोडत आणि त्यांच्या आवाजाने भुलून खाली उतरणाऱ्या रानहंसांना टिपत. १९३५ साली या प्रकाराला बंदी झाली आणि पाळलेले पुष्कळ हंस निरुपयोगी ठरून मोकळे सोडले गेले. दुसरीकडे, याच हंसाची सर्वांत थोराड जात शिकारीने आणि पाणथळींच्या नाशाने संपली, असे पक्षितज्ज्ञ धरून चालले होते. जानेवारी १९६२ मध्ये हॅरॉल्ड हॅन्सन यांना तीच जात मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावच्या सिल्व्हर लेकवर आढळली. काठावरच्या वीजकेंद्राच्या कोमट पाण्यामुळे हे तळे कडक हिवाळ्यातही गोठत नसे. मग ठिकठिकाणच्या सरकारी खात्यांनी हौसेने या हंसांची पिल्ले वाढवून राज्याराज्यांत सोडली. जात वाचवण्याचे काम इतके उत्तम पार पडले, की पुढे त्याच खात्यांना संख्या आवरण्याच्या योजना आखाव्या लागल्या.

यातली एक गोष्ट शिक्षक म्हणून मला विशेष वाटते. स्थलांतराची वाट हंसाला नुसती रक्तातून मिळत नाही. पिल्लू पहिल्या वर्षी आईबापांच्या सोबत उडून ती शिकते. पाळीव हंसांच्या आणि माणसांनी वाढवलेल्या पिल्लांच्या पुढच्या पिढ्यांना वाट दाखवणारे कोणी उरले नाही. ते आहेत तिथेच राहिले. शिवाय मादी जिथे उडायला शिकते तिथेच बहुधा अंडी घालायला परत येते. कारंज्याकाठी वाढलेल्या मादीचे माहेर म्हणजे ते कारंजेच! आज सरकारी कागदोपत्री या हंसांचे दोन वर्ग आहेत : ‘स्थलांतरित’ आणि ‘निवासी’. तक्रार असते ती निवासींबद्दल. पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहूनही ज्यांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले जाते, त्या घरांतल्या वाचकांना यातली गंमत समजावून सांगायला नको.

आता उद्यानाकडे हंसाच्या डोळ्यांनी पाहू. बारीक कापलेली कोवळी हिरवळ म्हणजे वाढलेले ताट. हिरवळीला लागून पाणी म्हणजे संकट आले की शिरायची जागा. मध्ये झुडूप नाही, म्हणजे कोल्हा दबा धरून बसण्याची भीती नाही. कारंजे चालू असले की पाणी हलते राहते, लवकर गोठत नाही. म्हणजे हिवाळ्याचीही सोय. वर पाव आणि मक्याच्या लाह्या टाकणारी मुले. यजमानाने ताट वाढले, पाट मांडला, वरून आग्रह केला. पाहुणा बसल्यावर मात्र ‘हा फार चिकट’ म्हणून ओरड सुरू केली. पाहुणा तिसऱ्या दिवशीही हलला नाही, की त्याची अक्कल काढण्याची रीत आपल्याकडेही आहे. पण दाराशी आमंत्रणाची पाटी कोणी लावली, हेही तेव्हा विचारायला हवे.

हटवण्याचे उपाय तरी पाहा. सर्वांत स्वस्त म्हणजे प्लास्टिकचा कुत्रा नाहीतर लाकडी कोल्हा. तो एका जागी उभा राहतो आणि हंस थोड्याच दिवसांत त्याच्या सावलीत चरू लागतात. टेबलावर नुसती पडून राहणारी छडी वर्गाला किती दिवस धाकात ठेवते, हे आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरा उपाय ‘बॉर्डर कॉली’ जातीच्या मेंढपाळी कुत्र्याचा. तो हंसाला धरत नाही, चावत नाही. वाकून, रोखून पाहत पुढे सरकतो. हंसांना ही नजर ओळखीची वाटते आणि ते उठून जातात. ‘भीक नको पण कुत्रा आवर’ ही आपली म्हण तिथे अक्षरशः खरी होते. मात्र हे रोज आणि सातत्याने करावे लागते. आणि उठलेले हंस जातात कुठे? पलीकडच्या शाळेच्या मैदानावर किंवा इस्पितळाच्या तळ्यावर. आपल्या अंगणातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटणे याला स्वच्छता म्हणायचे का?

तिसरा उपाय अंड्यांना मक्याचे तेल लावण्याचा. कवचाची छिद्रे बुजतात, आतली वाढ थांबते, आणि मादी काही न कळता अंड्यांवर बसून राहते. अंडी उचलून नेली तर ती पुन्हा घालते. हंसांना १९१६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे आणि १९१८ च्या कायद्याचे संरक्षण आहे. परंतु २००६ पासून सरकारकडे नोंद करून जागामालकाला हे करता येते. प्राणिमित्र संस्थाही त्याला मान्यता देतात, पण एका अटीवर. अंडे आधी पाण्यात ठेवून पाहायचे. तरंगले, तर आतला जीव दोन आठवड्यांहून मोठा झाला आहे असे समजून त्याला हात लावायचा नाही. अठ्ठावीस दिवसांच्या उबवणीत मर्यादेची रेघ कुठे ओढायची, हा प्रश्न बादलीभर पाण्याने पूर्ण सुटतो असे मी म्हणणार नाही. पण अशी रेघ असली पाहिजे, असे ज्या माणसांना वाटले, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

चौथा उपाय सर्वांत साधा आणि सर्वांत कमी आवडणारा. पाण्याच्या कडेने गवत उंच वाढू द्यायचे, झुडपे लावायची, खाऊ टाकणे बंद करायचे. पलीकडचे दिसेनासे झाले की हंसाला, विशेषतः पिल्ले सोबत असताना, तिथे चरणे धोक्याचे वाटते. आणि तो आपणहून दुसरी जागा पाहतो. यात भीती नाही, फसवणूक नाही. मग हा उपाय आधी का होत नाही? कारण त्याने हिरवळीचे रूप बिघडते! मला वाटते, नीतीचा प्रश्न नेमका इथे आहे. आपल्या आवडीला मुरड घालण्यापेक्षा दुसऱ्या जिवाचा स्वभाव बदलणे आपल्याला सोपे वाटते. तो बदलला नाही, की आपण त्याला उपद्रवी ठरवतो.

रघुनाथ पंडितांच्या आख्यानातला नळराजा आमच्या पिढीने शाळेत वाचला. त्याच्या उपवनातल्या तळ्यावरही हंसच उतरले होते. राजाने एकाला धरले, त्याचा विलाप ऐकला आणि सोडून दिले. ही करुणा सुंदर आहे. पण ती एका हंसापुरती, आणि तोही बोलणारा. उद्यानाच्या नोकरापुढे दोनशे हंस असतात आणि त्यांतला एकही बोलत नाही. एकावर दया करायला मन पुरते. अनेकांशी न्यायाने वागायला व्यवस्था लागते.

व्यवस्था चुकली म्हणजे काय होते, याचे उदाहरण न्यूयॉर्कचे. १५ जानेवारी २००९ रोजी तिथून उडालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत हंस शिरले. वैमानिकाने विमान हडसन नदीत उतरवले आणि सर्व १५५ माणसे वाचली. त्याच उन्हाळ्यात, पिसे गळून उडता येत नाही अशा दिवसांत, शहराच्या परिसरातले हजाराहून अधिक निवासी हंस पकडून मारण्यात आले. पुढच्या वर्षी प्रॉस्पेक्ट पार्कमधले सुमारे चारशे. इंजिनांत सापडलेल्या पिसांची स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली, तेव्हा ते हंस स्थलांतरित असल्याचे दिसून आले. स्थानिक हंसही उद्या विमानाला धडकू शकतात, हा सरकारचा युक्तिवाद खोटा नव्हता. माणसांचे प्राण जिथे पणाला लागतात तिथे निर्णय कठोर असू शकतो. पण अपघात एकाने केला आणि त्याच्या जातीचा म्हणून दुसरा गेला, ही बोच त्या युक्तिवादाने जात नाही. निदान ती बोच राहावी, एवढी तरी अपेक्षा करू या.

परदेशाला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. मुंबईत पुण्य म्हणून वर्षानुवर्षे कबुतरांना दाणे टाकले गेले; श्वासाचे विकार वाढण्याची तक्रार झाली, आणि २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकावा लागला. दाणे टाकणारे एका बाजूला, खोकणारे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये भुकेली कबुतरे. ‘गाढवाने शेत खाल्ले, ना पाप ना पुण्य’ असे आपण म्हणतो. गाढवाला नाही, हे खरे. पण कुंपण न घालणाऱ्याला आहे की नाही, हे ती म्हण सांगत नाही.

आणि दुसरी बाजूही जवळच आहे. मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेल्लूर गावात पेलिकन आणि रंगीत करकोचे घराशेजारच्या चिंचांवर घरटी बांधतात. विष्ठा तिथेही पडते, घाणही येते. पण गावकरी त्या विष्ठेचे खत करतात आणि पक्ष्यांना बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकी मानतात. माहेरी आलेली लेक खर्चाची असते, हे कोणत्या बापाला ठाऊक नसते? गदग जिल्ह्यातल्या मागडी तळ्यावर दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, म्हणजे आपल्याकडचे हेब्बातू, उतरतात आणि आसपासच्या शेतांत चरतात. २०२४ मध्ये त्या तळ्याचा रामसर यादीत समावेश झाला. पक्षी सगळीकडे सारखेच आहेत. फरक आहे तो त्यांच्यापायी होणारा खर्च आपण कोणत्या खात्यावर मांडतो याचा.

म्हणून माझे उत्तर असे : हंसांना हटवायला हरकत नाही, पण क्रम पाळावा. आधी आमंत्रण मागे घ्यावे; खाऊ बंद, गवत उंच. मग, पक्षी घरटे करण्याच्या आधीच, त्याला कळेल अशा खऱ्या आणि नियमित रीतीने ‘इथे नको’ असे सांगावे. ते सांगताना तो कोणाच्या दारात जाईल, हे शेजाऱ्याशी बोलून ठरवावे. अंड्यांना हात लावायची पाळी आली, तर रेघ ओळखून लावावा. आणि जीव घेण्याचा विचार माणसाचा जीव धोक्यात असेल तेव्हाच, सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला, की काम लवकर होते आणि हिरवळही तशीच राहते. पुढच्या वसंतात हंसही तसेच येतात.

ज्याला आपण बोलावले, त्याला ‘जा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. परंतु बोलावले होते हे कबूल केल्याशिवाय तो अधिकार सुरू होत नाही.