पहिला आकडा

गणित चुकलेलं नाही, हीच माझी अडचण आहे. चुकलं असतं तर खोडून पुन्हा मांडलं असतं आणि विषय मिटला असता.

हिशोब असा. आम्हाला पसंत पडलेला ट्रॅव्हल ट्रेलर पाणी, गॅसच्या टाक्या, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण धरून ९,५०० पौंडांपर्यंत जाईल. अशा ट्रेलरच्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी सांध्यावर, टेकलेला असावा लागतो. कमी टेकला तर ट्रेलर हायवेवर डुलायला लागतो, आणि एकदा डुलायला लागला की चालवणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणजे हिचवर झाले साधारण १,२०० पौंड. खुद्द हिचचं लोखंड शंभर पौंडांचं. मी, बायको, मागच्या सीटवर कुत्रा, हत्यारं, जनरेटर. बेरीज १,८०० च्या पुढे. आमच्याकडे आज जी अर्ध्या टनाच्या वर्गातली पेट्रोल पिकअप आहे, तिच्या ड्रायव्हरच्या दाराशी एक स्टिकर आहे. माणसं आणि सामान मिळून १,५४० पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर स्पष्ट छापलंय. जाहिरातीत हीच गाडी ११,००० पौंड ओढते.

जाहिरातीतला आकडा खोटा नसतो. एसएई जे-२८०७ नावाचं एक प्रमाण आहे, त्यानुसार तो काढतात. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ, रणरणत्या उन्हात, एसी चालू ठेवून, ठरलेल्या वेगाच्या खाली न येता चढायचा, हा त्यातला कस. पण त्या कसोटीत गाडीत दीडशे-दीडशे पौंडांची दोन माणसं बसलेली असतात. आम्ही दोघं त्या वजनाचे कधी होतो ते आठवावं लागेल.

तर निष्कर्ष सरळ आहे: पाऊण टनाचा, डिझेलचा नवा ट्रक. किंमत सत्तर-ऐंशी हजार डॉलर. सांगलीला दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढ्यात इथं सात-आठ ट्रॅक्टर दारात उभे राहिले असते. तू ओढणार काय त्यानं?" मी त्याला हिचचा भार समजावून सांगू लागलो.

बायकोच्या बाबतीतही हेच झालं. तिनं विचारलं, "अरे, पण वर्षातून किती वेळा जाणार आहोत आपण?" मी उत्तर दिलं की फोर्डच्या हाय आउटपुट डिझेलचा टॉर्क आता १,२०० पौंड-फूट झालाय आणि कमिन्स इंजिनाचा रॅम ट्रकही हजाराच्या वर आहे. ती काही बोलली नाही. तिनं ते विचारलंच नव्हतं.

रात्री एकटा बसून त्या कागदाकडे पाहिलं तेव्हा लक्षात आलं की खालच्या सगळ्या ओळी वजाबाकी-बेरजेनं आल्यात, त्यांत मला काही करायला वाव नव्हता. वाव होता तो फक्त पहिल्या ओळीत. ९,५०० हा आकडा मीच लिहिला होता. त्याला कुणी कारण विचारलेलं नव्हतं, आणि एकदा तो लिहिला की पुढचं सगळं गरज या नावाखाली आपोआप येत होतं. ट्रेलर एवढा, म्हणून ट्रक एवढा. ट्रक एवढा, म्हणून कर्ज एवढं. हिशोबात लबाडी न करता स्वतःला फसवायची ही रीत मला चांगलीच जमलेली दिसते. नोकरीत आयुष्यभर अंदाजपत्रकं केली, त्याचा परिणाम असेल.

मग ९,५०० का? दोन कप्प्यांचा, भिंत बाहेर सरकणारा, सोफा आणि विजेची शेकोटी असलेला ट्रेलर का? मी लगेच म्हणालो, भारतातून पाहुणे आले तर. आमच्या पिढीच्या मराठी माणसाला स्वतःच्या चैनीसाठी मोठी वस्तू घेणं जमत नाही. त्याला पाहुण्यांचं नाव घ्यावं लागतं. आमचे पाहुणे येतात ते नायगारा आणि लास व्हेगास बघायला. जंगलात चाकांवरच्या खोलीत झोपायची हौस त्यांच्यापैकी कुणीही बोलून दाखवलेली नाही. दादाला तर त्यात शौचालयाची टाकी आपणच रिकामी करायची असते, एवढं कळलं तरी तो विमानतळावरूनच परत जाईल.

मी ७,००० पौंडांच्या ट्रेलरचा हिशोबही करून पाहिला. जनरेटर घरी ठेवला, हत्यारं निम्मी केली, तर बेरीज १,४६५ वर थांबते. म्हणजे आत्ताची गाडी पुरते. काठावर, पण पुरते. हा दुसरा कागद माझ्या खणात आहे. पहिला फ्रिजवर लावलेला आहे.

इतकं कळूनही डिझेलचा मोह सुटत नाही, तेव्हा तो कुठून येतो हे पाहायला हवं. थोडा उसातून येतो. आमच्या गावच्या रस्त्यावर गळिताच्या हंगामात एकामागे एक दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे जायचे. मोठ्यानं गाणी, मागे रिफ्लेक्टरचा पत्ता नाही, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर लोंबतोय. तो चालवणारा माणूस मला कलेक्टरपेक्षा मोठा वाटायचा. मागे एवढं ओझं आणि पुढे हा निवांत. पण त्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसायचे, आणि उतारावर मागचं वजन पुढच्या ट्रॅक्टरला कसं ढकलतं हेही आम्ही पोरांनी पाहिलेलं होतं. ओढायच्या रुबाबाबरोबर ढकललं जाण्याची भीती तेव्हाच मनात बसली. आज डीलरकडच्या माहितीपत्रकात मी रुबाब शोधतोय की भीतीवरचा उपाय, हे दर पानाला ठरवावं लागतं.

भीतीचा भाग खरा आहे, त्याला मी हौस म्हणून झटकणार नाही. आम्ही डेन्व्हरच्या पश्चिमेला राहतो. कुठेही जायचं तर आय-७० महामार्गानं डोंगर ओलांडावा लागतो. १९७३ साली उघडलेला आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांच्या वर आहे. विरळ हवेत टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे बोगद्यापाशी माझी गाडी जवळपास तीस टक्के हरवून बसलेली असते. टर्बो डिझेलला ही झळ फार कमी लागते. पण चढ हा फुशारकीचा मामला आहे. हळू चढलो तर मागचे लोक शिव्या देतील, एवढंच. खरा प्रश्न परतीचा. बोगद्यातून पूर्वेला निघालं की जॉर्जटाउन, आयडाहो स्प्रिंग्ज, फ्लॉइड हिल, आणि मग शहराच्या तोंडाशी सहा टक्क्यांचा तो लांब उतार. ट्रकवाल्यांनो, फसू नका, अजून उतार संपलेला नाही, अशा अर्थाच्या मोठाल्या पाट्या तिथे लावलेल्या आहेत. २०१९ च्या एप्रिलमध्ये या उताराखाली लेकवुडला लाकूड नेणारा एक ट्रक ब्रेक गेल्यावर थांबलेल्या रांगेत घुसला. चार माणसं गेली. बेफाम झालेला ट्रक थांबवायला बांधलेली रॅम्प वाटेत होती. तो तिच्यात शिरला नाही. चालकाला ११० वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी ती दहा वर्षांवर आणली. त्या रांगेत आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. पण त्या रांगेत आम्ही अनेकदा उभे असतो.

म्हणून डिझेलच्या बाजूनं माझ्याकडे एकच प्रामाणिक मुद्दा उरतो आणि तो एक्झॉस्ट ब्रेकचा. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की थ्रॉटल मिटतो आणि इंजिनच गाडीला मागे धरतं. डिझेल इंजिन मुळात तसं धरत नाही. म्हणून टर्बोतली पाती मिटवून बाहेर पडणाऱ्या वायूची कोंडी करतात आणि त्या दाबानं गाडी आवरली जाते. चाकांचे ब्रेक थंड राहतात, खरोखर लागतील तेव्हासाठी. जाहिरातीत याचा फोटो निघत नाही. टॉर्कचा निघतो.

आणि हे सगळं तपासणार कोण? व्यावसायिक ट्रकला वजनकाट्यावर थांबावं लागतं, त्याच्या चालकाचा परवाना वेगळा, त्याचे चालवण्याचे तास मोजलेले. मी साध्या परवान्यावर, पंधरा-सोळा हजार पौंडांचं लटांबर घेऊन त्या काट्याच्या शेजारून हात हलवत निघून जाऊ शकतो. जादा भार घेतला तर अपघात होईपर्यंत कुणालाही कळणार नाही. ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. थोडे डॉलर दिले की पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजनं छापलेली पावती मिळते. तिथे स्वतःहून जाणारे हौशी लोक किती असतील याची मला शंकाच आहे. मी जाईन, असं आज म्हणतोय.

सोप्या पुण्याचाही मला संशय येतो. डिझेलच्या धुराचं उदाहरण घ्या. धुरातली काजळी गाळायला फिल्टर, नायट्रोजनची ऑक्साइडं मोडायला युरियाचं पाणी, या यंत्रणा बिघडल्या की खर्च मोठा. गाड्यांतल्या एका जाणकारानं आवाज खाली आणून सुचवलं की हे सगळं काढून टाकणारे मिळतात, गाडी मोकळा श्वास घेते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०२० मध्ये अंदाज दिला होता की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची ही यंत्रणा अशीच काढली गेली. खुद्द कमिन्सनं रॅमच्या इंजिनांत नियमांना बगल देणारी व्यवस्था बसवल्याच्या आरोपावरून १६७.५ कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं. मी त्या जाणकाराला ताडकन नाही म्हणालो आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो. पण न केलेल्या गुन्ह्याचं कौतुक किती करायचं? भारासकट एकूण वजनाची मर्यादा ८,५०० पौंडांहून जास्त असलेल्या पिकअपच्या काचेवर मायलेजचा सरकारी कागद लावावा लागत नाही. शोरूममध्ये तो कागद दिसला नाही तेव्हा मला बरं वाटलं होतं. का बरं वाटलं, याचा विचार केल्यावर वाटेनासं झालं. शिवाय हे फिल्टर स्वच्छ राहायला इंजिन नीट तापावं लागतं. रोज चार-पाच मैलांवर दूध आणायला नेलेला डिझेल ट्रक आतून काजळीनं तुंबत जातो. या यंत्राला खरोखर काम लागतं, आणि बायकोच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा टाळता येत नाही.

करसल्लागारानं एक वेगळीच वाट दाखवली. ६,००० पौंडांपेक्षा जड गाडी धंद्यासाठी निम्म्याहून जास्त वापरली तर कायद्याच्या कलम १७९ खाली मोठी वजावट मिळते. माझा छोटा सल्ल्याचा धंदा आहेच. तो लॅपटॉपवर चालतो. लॅपटॉप मी अजून तरी खांद्यावर नेऊ शकतो. हे नाकारायला मला वेळ लागला नाही, पण त्या रात्री मी माझ्या क्लायंटांची घरं नकाशावर किती लांब आहेत हे पाहिलं होतं.

रविवारी आमची मराठी शाळा भरते. सुटली की पार्किंगमध्ये पोरं गाड्यांच्या मधून पळतात. विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेचा २०२३ चा अभ्यास सांगतो की ज्या गाड्यांचं नाक चाळीस इंचांपेक्षा उंच, त्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर तो मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. आम्ही पाहिलेल्या ट्रकचं बॉनेट माझ्या छातीशी येतं. सहा वर्षांचं पोर त्याच्यापुढे उभं राहिलं तर चालवणाऱ्याला दिसणारच नाही. ट्रक घेतला तरी त्या पार्किंगमध्ये तो न्यायचा नाही, हे मी ठरवलं. नवा ट्रक घेऊन मराठी मंडळींच्या पार्किंगमध्येच न जाण्याची कल्पना किती जड वाटली, त्यावरून तो कुणासाठी घेत होतो तेही बरंचसं कळलं.

नव्या ट्रकवर हव्या असलेल्या साजाच्या यादीवर मग पुन्हा एकदा नजर फिरवली. गाडी उचलणारी लिफ्ट किट काढली. तिनं हिच वर जातो आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत. काळी जाळी, सनरूफ, चामड्याच्या सीटा काढल्या. जितकी महागडी आवृत्ती तितकी ती स्वतःच जड, आणि भार घ्यायची क्षमता तितकी कमी. सर्वांत साधी गाडी सर्वांत जास्त वाहते, हे मला या वयात कळलं. डिझेल इंजिनही पेट्रोलपेक्षा कित्येकशे पौंड जड, त्यामुळे त्याच कंपनीचा पाऊण टनाचा पेट्रोल ट्रक पुष्कळदा जास्त भार घेतो. ठेवलं ते असं: बाहेर निघणारे लांब आरसे, ट्रेलरच्या ब्रेकचा कारखान्यातूनच बसवलेला कंट्रोलर, एक्झॉस्ट ब्रेक, पुढचा कॅमेरा, जड भाराचे ई रेंजचे टायर आणि भार पुढच्या आसावर वाटून देणारा हिच. ट्रेलर सुटला तर पिन उपसून त्याचे ब्रेक लावणारी बारीक तार ट्रेलरलाच असते, पण तिची बॅटरी आधी तपासायची असते आणि ते काम माझं.

डीलरला थांबायला सांगितलं आहे. आधी ७,००० पौंडांच्या आसपासचा एक ट्रेलर भाड्यानं घेऊ, आत्ताच्या गाडीला जोडून काट्यावर नेऊ, डोंगर चढून उतरून पाहू. खणातला कागद बायकोला दाखवला. तिनं वाचून विचारलं, "हा कधी केलास?" मी तारीख सांगितली. डीलर फोनवर हसत म्हणाला की महिनाअखेरची सवलत मात्र थांबणार नाही. ती सवलत माझ्या मनातून अजून गेलेली नाही.