ठरवून घेतलेले मोल

विम्याच्या व्यवहारात एक तत्त्व सर्वांत कठोर मानले जाते : ज्याचे नुकसान झाले त्याला त्याच्या नुकसानीइतकेच द्यावे, अधिक नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १८८३ साली ‘कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन’ या खटल्यात ते निःसंदिग्ध शब्दांत मांडले. एका मालकाने घर विकण्याचा करार केला. व्यवहार पुरा होण्यापूर्वी घराला आग लागली. विमा कंपनीकडून त्याला भरपाई मिळाली आणि पुढे खरेदीदाराकडून ठरलेली पूर्ण किंमतही मिळाली. त्याला विम्याची रक्कम परत करावी लागली. आपत्तीतून कोणाला लाभ होऊ नये, हा त्यामागचा नैतिक विचार. तो चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र ‘नुकसानीइतके’ म्हणजे किती, हे ज्या वस्तूविषयी सांगताच येत नाही, तिच्यापाशी आले की हे तत्त्व अडखळते.

रोजच्या वापरातील मोटारीविषयी ही अडचण फारशी येत नाही. भारतात जुलै २००२ मध्ये अमलात आलेल्या मोटार विमा दरपत्रकाने घसाऱ्याची एक शिडीच आखून दिली होती : पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, वर्षाच्या आत पंधरा, मग वीस, तीस, चाळीस आणि पाचव्या वर्षाअखेर पन्नास. काळ वस्तूपासून केवळ हिरावून घेतो, तिला काही देत नाही, हे या शिडीमागचे गृहीत आहे. पाच वर्षांपलीकडे मात्र शिडी संपते. तिथून पुढे मूल्य विमा कंपनीने आणि मालकाने परस्परांत समजून ठरवावे, एवढेच दरपत्रक सांगते. ‘जुने ते सोने’ ही म्हण अशा वेळी कामी येत नाही. सोन्याचा भाव रोज सकाळी छापून येतो, सत्तर वर्षांच्या मोटारीचा येत नाही.

हा प्रश्न चेन्नईइतका स्वाभाविकपणे क्वचितच दुसऱ्या शहराला पडला असेल. माउंट रोडवरील सिम्सन कंपनीने १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार इथेच बांधली. स्वातंत्र्यानंतर एन्नोर येथे अशोक मोटर्सने ऑस्टिन ए-४० या गाडीची जुळणी सुरू केली. हीच कंपनी १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड १९६१ पासून मद्रासमध्येच तयार होऊ लागली. या गाड्या आज संग्राहकांच्या आहेत, तशाच वडिलांची गाडी विकवत नाही म्हणून ती ठेवून घेतलेल्या कुटुंबांच्याही आहेत. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला जातो. पुदुपेट्टैच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात पालथे घातलेले रविवार आणि एखाद्या वृद्ध कारागिराच्या हातांचे कौशल्य यांवर या गाड्या तग धरून असतात. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पावसाने शहर पुन्हा जलमय झाले, तेव्हा तळघरांत आणि अंगणांत उभ्या असलेल्या मोटारी चाकांपासून टपापर्यंत पाण्यात गेल्या.

समजा, अशा एका ऑस्टिनवर मालकाने दहा वर्षांत नऊ लाख रुपये खर्च केले. ती बुडाल्यावर येणारा सर्वेक्षक तिचा बाजारभाव तीन लाख धरतो. तो खोटे बोलत नाही. तशी एखादी गाडी कुठे तरी तीन लाखांना विकली गेलेली असते. मालकही खोटे बोलत नाही. तशी गाडी उभी करायला नऊ लाख लागतात, हे त्याच्या पावत्या सांगतात. दोन सत्ये समोरासमोर उभी राहतात आणि त्यांच्यात निवाडा करणारा बाजार अस्तित्वात नसतो.

यावर सागरी व्यापाराने फार पूर्वी एक तोड काढली होती. जहाज हजारो मैलांवर बुडाल्यावर त्याच्या मोलाचा वाद कोणी आणि कशाच्या आधारे घालायचा? म्हणून ते निघण्यापूर्वीच दोन्ही पक्षांनी आकडा ठरवून करारात लिहायचा. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातील एकोणतिसावे कलम असा ठरलेला आकडा, फसवणूक नसेल तर, उभय पक्षांवर बंधनकारक मानते. जुन्या मोटारीचा ‘संमत मूल्या’चा विमा हे याच विचाराचे जमिनीवरचे रूप. साध्या पॉलिसीतील घोषित मूल्याशी त्याचे अंतर कागदावर सूक्ष्म दिसते. परंतु घोषित मूल्य हे बाजारभावाचे प्रतिनिधी म्हणून उभे असते, त्यामुळे बाजारभावाचा प्रश्न पुन्हा उकरून काढता येतो. संमत मूल्य कोणाचेच प्रतिनिधी नसते. ते एक वचन असते.

इथे खरा नैतिक पेच सुरू होतो. न्याय मापात असतो की वचनात? मापाचा पक्ष दुबळा नाही. ठरलेला आकडा बाजारभावाच्या तिप्पट असेल तर गाडी जळण्यातच मालकाचे हित निर्माण होते, आणि माणसाला अशा मोहाच्या तोंडी देणे हाच कराराचा दोष ठरतो. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात ज्यांचा जहाजाशी काडीचाही संबंध नव्हता अशी माणसे त्यावर विमा उतरवीत. हा जुगार १७४५ च्या कायद्याने थांबवावा लागला. २००२ च्या दरपत्रकानेही याच सावधगिरीने संमत मूल्याच्या पॉलिसीला सरसकट मनाई केली आणि एकच अपवाद ठेवला : १९४० अखेरपूर्वी बनलेल्या व तशा प्रमाणित झालेल्या मोटारी.

हा अपवाद तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. मोहाचे भय गाडीच्या जन्मवर्षाने कमी कसे होते? एन्नोरची ऑस्टिन आणि मद्रासची हेराल्ड, म्हणजे या शहराने स्वतः घडवलेल्या गाड्या, त्या रेषेच्या अलीकडे राहिल्या. परदेशातून बोटीने आलेल्या संस्थानिकांच्या गाड्या पलीकडे गेल्या. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. एकच गाडी एका नियमाने पुरातन आणि दुसऱ्याने केवळ जुनी, असा चमत्कार त्यामुळे शक्य झाला.

वचनाच्या पक्षाचे बळ वेळेत आहे. नुकसान होण्यापूर्वी, कोणावर काय ओढवणार हे दोघांनाही ठाऊक नसताना, मालकाने आकडा फुगवला तर त्याला तितका अधिक हप्ता भरावा लागतो आणि कंपनीने तो दाबला तर तिचे उत्पन्न घटते. अज्ञान दोघांनाही काहीसे प्रामाणिक ठेवते. आपत्तीनंतर तीच दोन माणसे निराळी होतात. अधिक मूल्यावर वर्षानुवर्षे हप्ता घेणे आणि भरपाईच्या दिवशी मूल्य कमी होते असे म्हणणे, याला हिशेबाची चूक म्हणता येत नाही. त्याला अधिक कडक शब्द हवा. तरीही मालकाची जबाबदारी संपत नाही. तज्ज्ञाकडून मूल्यांकन करून घेणे, बदललेले भाग न लपवणे आणि दर नूतनीकरणाला आकडा नव्याने तपासणे, हे त्याचे ऋण आहे.

बदललेल्या भागांचा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला विचारतो, की रथ म्हणजे आस काय, चाके काय, की जू? यांपैकी एकही रथ नव्हे, आणि यांच्यावाचूनही रथ नाही. जिचे इंजिन दुसऱ्या गाडीतून आलेले आहे, आसनांचे कातडे नवे आहे आणि चासीवरचा क्रमांक तेवढा मूळचा आहे, त्या मोटारीचा विमा उतरवणारा कारकून नकळत त्याच प्रश्नाचे उत्तर एका रकान्यात भरत असतो. नागसेनाने ‘रथ’ हे केवळ व्यवहारासाठीचे नाव मानले. संमत मूल्यही तसेच व्यवहारापुरते असते. वडिलांनी ती गाडी चालवली होती, या गोष्टीचा विमा उतरत नाही, आणि ज्याला तिचाही आकडा लावून हवा असतो त्याने आपल्या आठवणीला भाव लावायला स्वतःच सुरुवात केलेली असते.

पॉलिसीतील एका तरतुदीकडे बहुतेक मालक गाडी बुडाल्यावरच पाहतात. दुरुस्तीचा खर्च मूल्याच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नष्ट झाली असे मानतात. ठरलेली रक्कम पूर्ण दिली की अवशेषांवर कंपनीचा हक्क येतो. ते परत हवे असतील तर त्यांची किंमत रकमेतून वजा होते. दहा लाख ठरले, दहा लाख मिळाले, वचन अक्षरशः पाळले गेले, आणि चिखलाने भरलेली ती ऑस्टिन लिलावात निघाली. बोली लावणारे पुदुपेट्टैहून आलेले असतात. अवशेष ठेवून घेण्याचा हक्क आणि त्याची वजावट, हे दोन्ही आकडे ठरवतानाच लिहून घेता येते. तेव्हा ते मागणारे मालक थोडे असतात, कारण तेव्हा गाडी अंगणात उभी असते आणि तिचे इंजिन चालू होत असते.