मागची सीट

मोटारसायकलवर दोघांची जागा असते आणि चालवणारा बहुतेक वेळा एकटा असतो. ती उरलेली जागा कुणाची, हा प्रश्न पहिल्या फटफटीच्या वेळी मला कधी पडला नव्हता. तेव्हा येझदी होती. जिनं किक मारायची तीच दांडी वळवून गिअर टाकायचा. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं. आवाज असा की शिवेवर आलो की घरात चहाचं आधण चढायचं. रस्त्यात कुणी हात केला की थांबायचं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आपल्या विहिरीवर कुणी ओंजळभर पाणी प्यालं तर आपण हिशेब ठेवतो का?

१९९८ साली नोकरीपायी पुण्याला गेलो, येझदी विकली, पुढं चारचाकी आली. चारचाकीला कुणी हात करत नाही. काच वर असते. आतल्यालाही बाहेरचा माणूस विजेच्या खांबासारखा मागं जाताना दिसतो. वीसेक वर्षं मी असाच फिरलो.

२०२० साली निवृत्त होऊन माण तालुक्यातल्या आमच्या गावी आलो आणि दोन वर्षांनी जुनी स्प्लेंडर घेतली. टीटी फॉर्मवर सह्या झाल्या, आरसी बुकावर नाव चढलं. आधीचा मालक दूध घालणारा. कॅन नीट लटकावेत म्हणून त्यानं मागचे फुटरेस्ट काढून टाकले होते, आणि सीटचा मागचा अर्धा भाग दोरांनी घासून उसवला होता. इंजिन मात्र ठणठणीत. मिस्त्री म्हणाला, "आप्पा, फुटरेस्ट बसवूच नका. पाय ठेवायला जागा न्हाई म्हटल्यावर कोण हात करतंय? सुखानं एकटं फिरा."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मागं माणूस न्यायचा तर फुटरेस्ट, धरायला दांडी आणि चाकावर जाळी हवी असा १९८९ च्या नियमांतच दंडक आहे. कायद्यानं मागं एकच माणूस, आणि हेल्मेट दोघांनाही. विम्याची गोष्ट तर बऱ्याच जणांना माहीतच नसते. कायद्यानं सक्तीचा तेवढाच थर्ड पार्टी विमा काढला असेल, तर तुम्ही फुकट मागं बसवलेला माणूस त्यात धरला जात नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं तसं म्हटलं आहे. म्हणजे वाटेत भेटलेल्या माणसाला दयेपोटी बसवलं आणि माझ्या हातून गाडी आडवी झाली, तर त्याच्या मोडलेल्या पायाची भरपाई माझ्या घरातून जाऊ शकते.

बायकोचं म्हणणं याहून जड होतं. "तुम्ही एकटे पडलात तर उशाला बसायला मी आहे. मागचा पडला तर त्याच्या बायकोपुढं मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

याला मी उत्तर दिलं नाही, कारण ते बरोबरच आहे. पण त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चाललेला एसटीचा संप मी इथूनच पाहिला होता. ऑक्टोबरात सुरू झाला, पुढं पाचसहा महिने चालला. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरतं म्हणजे मागं चौघं लोंबकळतील इतकं. तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन बाई फाट्यावर उभी. मी थांबलो नाही म्हणून तिचा धोका टळत नाही. ती अंधारात रस्त्याच्या कडेनं चालणार, नाहीतर वडापला लटकणार. फक्त तो धोका माझ्या खात्यावर पडत नाही, आणि न थांबणाऱ्याला कुठलंच कोर्ट जाब विचारत नाही. एवढ्या सोयीची गोष्ट मला खरी वाटत नाही.

मी फुटरेस्ट बसवले. सीट शिवून घेतली, मागच्या माणसाला धरणारा विमा काढला, दुसरं हेल्मेट आरशाला अडकवलं. ते बघून पोरं हसतात. एक आजी म्हणाली, "डोक्यावर पदर हाय की माझ्या." तिनं पदरावरनंच घातलं आणि उतरेपर्यंत एका हातानं दाबून धरलं.

आजोबांच्या काळी बैलगाडी होती. वाटेवरच्याला जागा दिली तरी कुणी आत बसायचं आणि कुणी मागं कडेला पाय सोडून, हे न बोलता ठरलेलं असायचं. पुण्यही मिळायचं आणि अंतरही राहायचं. मोटारसायकलच्या सीटवर तेवढं अंतर ठेवायला जागाच नाही. मागचा खांद्याला धरतो, खड्ड्यात त्याची छाती पाठीला लागते. तरी जीभ तिचं काम सोडत नाही. दोन मैल गेलो की मागून येतंच, "पाव्हणं, कुणाच्यातलं तुम्ही?" आडनावातून काय काढायचं असतं ते विचारणाऱ्यालाही ठाऊक आणि मलाही. मी गावाचं नाव सांगतो आणि पावसावर येतो. आमच्याकडं पाऊस पडत नाही, त्यामुळं तो विषय संपत नाही.

बायका हात करत नाहीत. पिशवी पायाशी ठेवून नुसतं रस्त्याकडं बघतात, आपणच थांबून "कुठं जायचंय मावशी?" म्हणावं लागतं. प्यालेल्याला मी घेत नाही. दोघांना घेत नाही, मग नवराबायको असली तरी. पैसे कुणी देऊ केले तर घेत नाही.

आणि दिवस मावळल्यावर कुणालाच घेत नाही. वय बासष्ट, समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यावर आला की क्षणभर रस्ता दिसेनासा होतो. एवढ्यावर बायको आणि मी दोघंही राजी झालो. पण आमच्या फाट्यावर शेवटची एसटी सातला येते, तीही कधी येते, कधी नाही. सगळ्यात जास्त हात होतात ते त्यानंतर. म्हणून मी सहालाच घरी येतो.