पगारी निष्ठा

मे महिन्यात अकोल्यात बर्फाचे दोनच उपयोग आम्हाला ठाऊक असतात: गोळेवाल्याचा गोळा आणि लग्नघरच्या पिंपात सोडलेली लादी. त्याच बर्फावर माणसं दातांची पर्वा न करता हॉकी खेळतात आणि त्याबद्दल पगार उचलतात, असं जुन्या शहरात कुणाला सांगायला गेलात, तर ऐकणारा आधी तुमच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवील.

पण तिकडे कॅनडा-अमेरिकेत हा मोठा धंदा आहे. त्यांची नॅशनल हॉकी लीग १९१७ पासून चालू आहे. चेंडूऐवजी रबराची चकती. तीही उड्या मारू नये म्हणून खेळाआधी गोठवून ठेवलेली. मैदानात दोघं गुद्द्यांवर आले, तर पंच त्यांना पाच मिनिटं एका खोक्यात बसवतात. फक्त पाच मिनिटं! आमच्या गल्लीत नळावरच्या भांडणाचा अबोला पाच वर्षं टिकतो, आणि त्याचा पगारही कुणाला मिळत नाही.

आमच्या शेजारच्या काकांना मारामारीबद्दल तक्रार नाही, पगाराबद्दल आहे. त्यांचं म्हणणं, “पैशासाठी खेळते तो खेळाडू कायचा, बाप्पा? भाड्याचा टांगा हाय तो. जो भाडं देईन, त्याच्या दारी जाईन.”

हे ऐकून मला त्या हॉकीपटूंपेक्षा स्वतःचीच काळजी वाटली. बी. कॉम. झाल्यापासून मीही भाड्याचाच टांगा आहे. दर महिन्याला भाडं मिळतं, आणि सांगतील त्या शाखेच्या दारी जातो. तेव्हा प्रश्न कॅनडाचा राहत नाही. पैसे घेऊन काम करणाऱ्याला निष्ठा असते का, आणि असली तर ती कोणाच्या खात्यावर जमा धरायची?

वेन ग्रेट्झ्कीचंच पाहा. या खेळातला हा सर्वांत थोर खेळाडू. एडमंटनच्या संघाला त्याने चार वेळा स्टॅनले चषक मिळवून दिला. ऑगस्ट १९८८ मध्ये त्याच संघाने त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. सोबत आणखी दोन खेळाडू गेले. बदल्यात दोन खेळाडू आले, पुढच्या तीन नव्या खेळाडूंच्या निवडीचे हक्क आले आणि रोख दीड कोटी डॉलर आले. निरोप घेताना ग्रेट्झ्की पत्रकारांसमोर रडला. सरकारने हा व्यवहार थांबवावा, अशी मागणी एका खासदाराने केली.

माझी मूर्तिजापूरला बदली झाली, तेव्हा कोणत्याही खासदाराने तोंड उघडलं नाही. बदल्यात आमच्या शाखेला एक प्रिंटर मिळाला, तोही कागद गिळणारा.

पुढे १९९० मध्ये एडमंटनने ग्रेट्झ्कीविना चषक जिंकला. ग्रेट्झ्कीच्या हाती मात्र तो पुन्हा कधी लागला नाही. काका म्हणतील, देवाने न्याय केला. पण न्याय कोणता? तो टांगा आपण होऊन निघाला नव्हता. मालकाने तो घोड्यासकट विकला होता.

बर्फ फार लांब वाटत असेल, तर कापसाकडे येऊ. आमच्या वऱ्हाडचा कापूस ज्या लँकेशायरच्या गिरण्यांसाठी बोटीवर चढत असे, तिथल्या गिरणगावांचे क्रिकेट क्लब हंगामापुरता एकेक पगारी खेळाडू ठेवत. त्याने अर्धशतक काढलं, की प्रेक्षकांतून वर्गणी फिरे. आपले सांगलीचे विजय हजारे १९४९ मध्ये रॉटेनस्टॉलकडून असेच खेळले. जामनगरचे विनू मंकड हॅस्लिंग्डनचे.

१९५२ मध्ये हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला निघायचा होता. मंकडांनी एवढंच विचारलं, की माझी निवड पक्की आहे का? तसं असेल तर मी क्लबशी करार करत नाही. उत्तर आलं, की हमी देता येणार नाही. मंकडांनी करार केला. आता हा लोभ की हिशेब? मी बँकेतला माणूस, मला तो हिशेब वाटतो. हातचा पगार सोडायचा आणि समोरच्याने ‘बघू’ म्हणायचं, अशा अर्जावर आम्ही कर्जसुद्धा देत नाही.

जूनमध्ये लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात आपली धावसंख्या शून्य आणि बळी चार अशी दशा झाली. मग मंडळींना मंकड आठवले. क्लबची विनवणी झाली, क्लबने सोडलं, आणि लॉर्ड्सवर मंकड उतरले. आधी ७२ धावा. मग ७३ षटकं टाकून ५ बळी. मग सलामीलाच जाऊन १८४. त्यानंतर पुन्हा २४ षटकं! सामना आपण आठ गड्यांनी हरलो, पण पगारी माणसाने त्या पाच दिवसांत काय राखून ठेवलं, ते कुणी दाखवून द्यावं.

याच इंग्लंडात १९६२ पर्यंत हौशी खेळाडूंना ‘जंटलमेन’ म्हणत आणि पगारींना नुसतं ‘प्लेअर्स’. धावफलकावर हौशी माणसाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, पगारीची नंतर. पण फुकट खेळायचं, तर घरी दुभत्या म्हशी लागतात. हौस ज्याला परवडते, तो हौशी. बाकीच्यांना आपण भाडोत्री म्हणतो. कीर्तनकार बिदागी घेतो, भटजी दक्षिणा घेतात. म्हणून सत्यनारायण प्रसाद नाकारत नाही.

माझा हिशेब असा आहे. पगार वेळ विकत घेतो, जीव नाही. जीव ओतायचा की नाही, हे घेणाऱ्याच्या हाती राहतं, आणि निष्ठा म्हणतात ती याच शिल्लक रकमेला. मात्र ते संयुक्त खातं आहे, दोघांच्या सह्या लागतात. हमी द्यायची नाही आणि गरज पडली की देशाची आठवण करून द्यायची, हा एका सहीचा चेक झाला. आमच्याकडे तो परत जातो. मंकडांनी तो वटवला, हा त्यांचा मोठेपणा.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात आणि राजराजेश्वराला अभिषेक होतो. त्या कावडींखाली असेही खांदे असतात, जे एरवी पोत्यागणिक पैसे मोजून घेतात. एक दिवस फुकट, बाकीचे दिवस पगारी. खांदा तोच, आणि वाकतोही सारखाच.

काकांना हे पटलेलं नाही. ते एक तारखेला साडेदहाच्या ठोक्याला पेन्शन घ्यायला येतात. पासबुकात व्याजाचा एक रुपया कमी दिसला, की गर्दी असो वा जेवणाची सुट्टी, भाड्याच्या टांग्याने सारी कामं टाकून त्या रुपयामागे जीव तोडून धावावं, अशी त्यांची अपेक्षा असते.

आणि खरं सांगतो, टांगा धावतो.